तहानेचा उद्गार

गुड फ्रायडेची उपासना दुपारी बारा ते तीन असते. ही वेळ शास्त्रातलीच आहे, त्यामुळे तिच्याशी भांडता येत नाही. पण शास्त्र लिहिणाऱ्यांनी पांढरकवड्याचा एप्रिल पाहिला असता तर निदान टिनाच्या छपराबद्दल तरी एखादी सूचना करून ठेवली असती, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. आमच्या चर्चवर टिनाचंच छप्पर आहे. खाली पंखे आहेत, पण ते वरची गरम हवा खाली आणून देतात, दुसरं काही करत नाहीत. त्यात मंडळी सकाळपासून उपाशी असते. हा उपास आमच्याकडे कोरडा, म्हणजे तीन वाजेपर्यंत पाण्याचा घोटही नाही. आजाऱ्यांनी आणि लेकुरवाळ्यांनी पाणी प्यायला हरकत नाही, असं पाळकसाहेब दरवर्षी सांगतात. त्यांचं ऐकून पाणी प्यालेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही, निदान कबूल करणारं तरी नाही.

या तीन तासांत प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. एकेका उद्गाराला एक माणूस, मग एक गीत, मग प्रार्थना. आमच्या मंडळीत हे उद्गार वाटलेले होते, आणि ज्याला एकदा मिळाला त्याच्याकडून तो कुणी परत मागत नसे. क्षमेचा उद्गार एका निवृत्त कंपाउंडरकडे होता. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला दिलेल्या वचनाचा उद्गार एका माजी हवालदाराकडे होता, आणि यात कुणालाही काही गंमत वाटत नसे. आईला सांभाळायला सांगितलं तो उद्गार पाळकीणबाईंचा. आणि पाचवा, तहानेचा उद्गार सरांचा.

सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलेलं, माझ्या आईलासुद्धा. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात काठी, आणि आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. त्यांचं भाषण दरवर्षी तेच असायचं. "बंधुभगिनींनो, ही तहान पाण्याची नव्हती," या वाक्यापाशी ते थांबत, चष्मा काढत, पुसत, आणि मग ती आत्म्याची तहान होती हे समजावून सांगत. आम्ही पोरंपोरी मागच्या बाकावर बसून त्यांच्या बरोबरीनं ओठ हलवत असू. चष्मा पुसण्याची जागासुद्धा आम्हाला पाठ होती.

आम्ही म्हणजे तरुण संघ. नाव मोठं वाटतं, पण सगळे मिळून एका ऑटोत मावत होतो, फक्त ऑटोवाल्याची तयारी पाहिजे. आमचा सेक्रेटरी हायवेवर टायरच्या दुकानात कामाला होता. त्याला सगळे टायरवालाच म्हणत, आणि तो त्या नावाला ओ देत असे. दोघी बहिणी हंगामात कापूस वेचायला जायच्या. एकजण मोबाइलच्या दुकानात होता. मी यवतमाळला कॉलेजसाठी रोज एसटीनं अपडाउन करत होते.

लोकांना वाटतं उपासना म्हणजे रविवारची सकाळ. आमची सोमवारीच सुरू व्हायची. आदल्या दिवशी चर्चमध्ये गायलेलं गीत मी आणि माझी मैत्रीण एसटीच्या मागच्या सीटवर हळू आवाजात म्हणत जायचो. सुरुवातीला कंडक्टर वळून वळून पाहायचा. मग सवय झाली, आणि एखाद्या दिवशी आम्ही गप्प असलो की तिकीट फाडता फाडता विचारायचा, "काहून व, आज सुरू नाई काय?" टायरवाला गिऱ्हाइकाच्या गाडीचा टायर काढताना रिमवर पान्ह्यानं ताल धरायचा, आणि ट्रकवाले त्याला कुठलं भजन आहे म्हणून विचारायचे. त्या दोघी बहिणी कापसाच्या ओळीत एकीमागं एक चालत वरचा आणि खालचा आवाज बसवायच्या. शेतवाल्या बाईंनी एकदा तर त्यांना पहिल्यापासून पुन्हा म्हणायला लावलं होतं. कॉलेजात मी डबा उघडून डोळे मिटायची, आणि आमेन म्हणून डोळे उघडेपर्यंत मैत्रिणींनी अर्धी भाजी संपवलेली असायची. त्यावर उपाय म्हणून मी एक डोळा उघडा ठेवून प्रार्थना करायला शिकले. देवाला चालत असावं, कारण परीक्षेत पास होत गेले.

चर्चमध्ये आम्हाला कामं भरपूर होती. सतरंज्या झटकायच्या, झावळ्यांच्या रविवारी झावळ्या तोडून आणायच्या, ख्रिसमसला बांबूचा तारा उंच टांगायचा, माइकची वायर जोडायची. माइक दुरुस्त करायला आम्ही आणि माइकवर बोलायला मोठे, असा सगळा हिशेब होता. मला याचा फार राग यायचा. मला तसा बऱ्याच गोष्टींचा राग येतो, पण हा राग खरा होता. आठवडाभर जी उपासना आम्ही रस्त्यावर, शेतात, एसटीत वागवत होतो, तिच्याबद्दल वर्षातून एकदा दहा मिनिटं उभं राहून बोलायची परवानगी आम्हाला नव्हती.

शेवटी जानेवारीतल्या वार्षिक सभेत टायरवाला उठला. हातांना ग्रीसचा वास तसाच होता.

"आमाले एक उद्गार पाह्यजे," तो म्हणाला.

 नव्या पायपुसण्यांवर जोरात चाललेला वाद तिथंच थांबला.

"कोणता?" हवालदारकाकांनी विचारलं.

"कोणताबी द्या. चोराचा देल्ला तरी चालीन."

बायका हसल्या. हवालदारकाका हसले नाहीत. पाळकसाहेब काहीतरी गोड बोलून विषय पुढच्या वर्षावर ढकलणार, एवढ्यात सर काठी टेकवत उभे राहिले.

"माझा घ्या," ते म्हणाले. "नीट झालं तर तो तुमचा. नाही झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याकडे, आणि मग हा विषय मंडळीत परत निघणार नाही. कबूल?"

"कबूल," टायरवाला म्हणाला. आम्हाला विचारलंसुद्धा नाही त्यानं.

आम्ही हवेत होतो. सर इतके मोठ्या मनाचे निघतील असं कुणाला वाटलं नव्हतं. पण मी चपला शोधत पायरीपाशी बसले होते, आणि सर पाळकसाहेबांना सांगत होते ते मला स्वच्छ ऐकू आलं. "एकदा तोंडघशी पडू द्या, साहेब. मग पुन्हा मागायला येणार नाहीत." मी चप्पल हातात घेऊनच घरी गेले, इतकी भडकले होते.

बोलायचं कुणी, यावर संघात फार चर्चा झाली नाही. "हे कंडक्टरसंग भांडते, कॉलेजच्या क्लार्कसंग भांडते," टायरवाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मंडळीसंगबी बोलीन." हे काही कौतुक नव्हतं, पण मी ते कौतुक म्हणून घेतलं.

मग मी तयारीला लागले. मोबाइलवर मोठमोठ्या वक्त्यांची भाषणं ऐकली. चांगले शब्द निवडून काढले. माझ्या भाषणात "आध्यात्मिक" हा शब्द इतक्यांदा येत होता की माझीच जीभ त्याला अडखळून पडायची. बोलायला आमच्या सभेत कागद चालत नसे, म्हणून सगळं पाठ केलं. एका संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती, तिला म्हटलं, ऐक. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. एकदाही मध्ये बोलली नाही, म्हणजे मन लावून ऐकलं असणार.

"चांगलं हाय व," ती म्हणाली. "सरायचंच हाय ना?"

 ती खरं बोलली होती. शब्द माझे होते, पण भाषण सरांचंच होतं. ही तहान पाण्याची नव्हती, ती आत्म्याची होती, हे मीही नव्या कपड्यात घालून तेच सांगत होते. दुसरं काही सुचतच नव्हतं. प्रार्थना केली, तरीही सुचलं नाही. गुड फ्रायडे आला तेव्हा माझ्याकडे तेवढंच एक भाषण होतं, आणि तेच घेऊन मी चर्चमध्ये गेले.

त्या वर्षी नळ फारच कमी येत होते. गल्लीला टँकर यायचा, तोही त्याच्या मनानं. बुधवारपासून सगळे त्याची वाट पाहत होते. टँकर चर्चच्या वळणावर थांबतो, त्यामुळे सगळ्या गल्लीचे निळे ड्रम, बादल्या, पाण्याचे पितळी गुंड आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून ओळीनं मांडलेले होते. आमच्या घरांचे होते, शेजारच्या हिंदू घरांचेही होते. भिंतीपलीकडच्या काकूंचं मोठं कुटुंब. गावाबाहेर त्यांचा कापूस आणि तूर असते. सकाळी आम्ही पांढरे कपडे घालून निघालो तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. "जा तुम्ही उपासनेले," त्या म्हणाल्या, "मी पाह्यतो ड्रमाकडं." कुणीच फार आशा ठेवली नव्हती. टँकर आला तर सकाळीच यायचा, दुपारी कधी आलेला नव्हता.

बारा वाजता सुरुवात झाली. पहिल्या उद्गाराला सगळे ताठ बसले होते, तिसऱ्याला पाठी बाकांना टेकल्या, आणि चौथा संपता संपता मागची एक आजी पदर तोंडावर घेऊन शांत झोपून गेली होती. माझी जीभ टाळूला चिकटलेली. समोर पहिल्या बाकावर सर, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये, हात काठीवर. इतक्या वर्षांत पाचव्या उद्गाराला ते पहिल्यांदाच खाली बसले होते.

पाळकसाहेबांनी मला बोलावलं. मी उभी राहिले, माइक खाली ओढला, आणि सुरू केलं. आवाज फाटका येत होता, पण येत होता. दोन-तीन वाक्यं झाली आणि 'ही तहान पाण्याची नव्हती' हे वाक्य आलं. मग माझं लक्ष मागच्या बाकाकडं गेलं. तिथं रविवारच्या शब्बाथ शाळेतली लहान पोरं बसली होती, आणि ती माझ्याबरोबर ओठ हलवत होती. सरांचं ते वाक्य त्यांनाही पाठ होतं! माझे कान तापले. पुढचं वाक्य कुठलं ते क्षणभर आठवेचना.

आणि तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.

टँकरचा हॉर्न आमच्या गल्लीत तान्ह्या लेकरालासुद्धा कळतो. सगळ्या चर्चमध्ये एकदम सळसळ झाली. दारात काकू दिसल्या. बिचाऱ्या आत आल्या नाहीत, बोलल्याही नाहीत, उंबऱ्यापाशी उभ्या राहून नुसता हात हलवत होत्या, चला, चला म्हणून. पुढच्या बाकांवरचे पुरुष काही ऐकलंच नाही असे समोर पाहत राहिले, कारण त्यांच्या घरी पाणी बायका भरतात. बायकांच्या बाजूला मात्र कोणाची नजर माझ्यावर नव्हती. टँकरवाला कुणासाठी थांबत नाही. आता ड्रम भरला नाही तर ईस्टर विनापाण्याचा. माझी आई अर्धी उठली होती आणि मी बोलत आहे म्हणून तशीच अडकून राहिली होती, ना उभी ना बसलेली.

मी सरांकडं पाहिलं. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. त्यांच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं, की पडली आता ही.

मला राग आला. आणि राग आला की माझ्या तोंडून पुस्तकी भाषा निघत नाही.

"बसा!" मी माइकवर म्हणाले. "कोणी उठाचं नाई. आमचे पोट्टे जाते अन् पाणी भरते. सगळ्याईचं भरते. एकबी ड्रम खाली राह्यनार नाई."

मी कुणाला विचारलं नव्हतं. पण मी बोलून संपायच्या आत टायरवाला उठून पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर करत दाराकडं निघाला होता. त्याच्यामागं मोबाइलवाला, त्या दोघी बहिणी, माझी एसटीतली मैत्रीण, सगळा संघ. मागची ती लहान पोरंही पळाली. आई खाली बसली. आता चर्चमध्ये मोठी मंडळी होती आणि समोर मी एकटी, आणि आठवण्यासारखं भाषण डोक्यात उरलेलं नव्हतं.

जिथं उभं राहून बोलतात तिथून बाजूच्या खिडकीतून वळण सरळ दिसतं. टँकरचा पाइप जोडावर फुटलेला होता. टायरवाल्यानं खिशातून ट्यूबची पट्टी काढली आणि जोड करकचून बांधला. तरी पाणी त्याच्या हातांवरून, कोपरांवरून ओघळत होतं. पोरी ड्रम ओळीनं पुढं सरकवत होत्या, आमचा, मग काकूंचा, मग त्यांच्या पलीकडच्यांचा. सगळे घामानं आणि पाण्यानं निथळत होते. सगळ्यांचे ओठ सकाळपासून सुकलेले. आणि एकजणही पीत नव्हता. टायरवाल्यानं ओल्या हातानं तोंड पुसलं आणि ओठ आत घट्ट मिटून घेतले. चुकून थेंब आत जाऊ नये म्हणून.

काकूंनाही ते दिसलं. त्यांचा आवाज काही हळू नाही. "अरे, पाणी हातात हाय अन् पेत काहून नाई बे?"

"तीन वाजल्यावर, काकू."

सगळ्या चर्चनं ते ऐकलं.  झोपलेली आजीसुद्धा जागी झाली होती.

तेव्हा मी बोलायला लागले. आत्ता कुणी विचारलं तर शब्द न् शब्द सांगता येणार नाही, पण काय बोलले ते पक्कं आठवतं.

"आजपर्यंत आपण आयकत आलो का थे तहान पाण्याची नव्हती," मी म्हणाले. "मले आता वाटते का पाण्याचीच होती. असंच ऊन होतं. अशीच दुपार होती. रातभर त्याले इकडून तिकडं नेलं, मारलं, अन् कोणी घोटभर पाणी विचारलं नाई. त्याले तहान लागली म्हून त्यानं सांगितलं का मले तहान लागली. आपल्याले लागते तशीच. आता या घडीले तुमाले लागली तशी."

पुढच्या बाकावर कुणीतरी घसा खाकरला. मी सरांकडं पाहायचं टाळलं.

"त्यानं पह्यले बाकीच्याईची सोय केली," मी म्हणाले. "मारणाऱ्याईले माफ केलं. चोराले जागा देली. आईले घर देलं. सोताले काईच मांगलं नाई. अन् मंग एकच मांगलं. पाणी. आपल्या घरी दारात कोणीबी आलं, अगदी वसुलीवाला आला, तरी आपण पह्यले पाणी देतो. नाव मंग इचारतो. त्याच्या भवताल इतके लोक उभे होते, अन् त्यानं तोंडानं मांगलं, तर त्याले आंब देली, आंबट झालेली दारू. मले हे समजतच नाई. त्या अख्ख्या गावात एकाच्याबी घरी माठ नव्हता काय?"

तिथं रडू आलं, आणि मला चारचौघात रडायचा भयंकर राग आहे, म्हणून मी खिडकीकडं बोट केलं.

"आमी तरुण संघ, आमाले भाषण येत नाई," मी म्हणाले. "थे पाहा, आमचं भाषण थ्या बाजूनं चालू हाय."

आणि खाली बसले. प्रार्थना करायची राहिली, गीत सांगायचं राहिलं. मला वाटलं संपलं, गेला उद्गार. मग बायकांच्या बाजूनं कुणीतरी "आमेन" म्हणालं. आमच्याकडे पाळकसाहेबांच्या प्रार्थनेशिवाय कुणी आमेन म्हणत नाही. मग आणखी एक आमेन आलं, मग कंपाउंडरकाकांचं, मग हवालदारकाकांचं, आणि मग ते थांबेचना.

तेवढ्यात पोरं दारातून आत आली. शर्ट अंगाला चिकटलेले, ओढण्या पिळून कमरेला खोचलेल्या, पायांचे ओले ठसे सतरंजीवर. टायरवाल्यानं दारातूनच अंगठा वर केला, म्हणजे सगळे ड्रम भरले. पाचव्या उद्गाराचं गीत आमच्याकडंच होतं. गुड फ्रायडेला पेटी-तबला वाजवत नाही, नुसता आवाज. कोरडे घसे होते, आणि आम्ही असे गायलो की टिन खणखणलं. त्या दोघी बहिणींनी खालचा आवाज धरला, शेतात धरायच्या तसाच, आणि दुसऱ्या कडव्याला सगळी मंडळी उभी राहिली. दुःखाच्या दिवशी इतका आनंद होणं बरोबर आहे की नाही मला माहीत नाही. मला झाला. मला वाटलं, आता कोणी काही म्हणो, आम्ही उभे राहिलो आणि देवासमोर खरं बोललो.  टायरवाला डोळे मिटून गात होता आणि त्याच्या केसांतून अजून पाणी गळत होतं.

सहावा आणि सातवा उद्गार झाले. तीन वाजले, घंटा झाली, शेवटचा आशीर्वाद झाला. दाराबाहेर काकू उभ्या होत्या, त्यांच्या सुनेसोबत. दोघींनी मिळून घरातला मोठा माठ उचलून आणला होता आणि आमच्या पायरीवर ठेवला होता, तोंडावर ओलं फडकं टाकून.

"तुमच्या पोट्ट्याईनं पेलं नाई," काकू आईला म्हणाल्या, "तं माह्याबी घशाखाली उतरेना. घ्या आता. पह्यले त्याईले द्या."

पहिला लोटा टायरवाल्याला मिळाला. त्यानं तो आधी त्या बहिणींकडं दिला, त्यांनी लहान पोरांकडं दिला, आणि असा तो लोटा बराच वेळ फिरतच राहिला. शेवटी काकूच रागावल्या तेव्हा सगळे प्याले. मी इतकं गार पाणी त्याआधी प्याले असेन, पण मला आठवत नाही. बायका माझ्या पाठीवर हात फिरवत होत्या. हवालदारकाका टायरवाल्याला म्हणत होते की पुढच्या वर्षी चोराचा उद्गारही बघ बाबा, माझे गुडघे दुखतात. आईनं माझा घाम आपल्या पदरानं पुसला.

आणि सर बाहेर आलेच नव्हते.

मी आत पाहिलं. ते पहिल्या बाकावर तसेच बसले होते.  त्यांचं वाक्य मी त्यांच्या तोंडावर, सगळ्या मंडळीसमोर खोडलं होतं. नीट झालं तर तुमचा, असं ते म्हणाले होते, आणि नीट कशाला म्हणायचं ते तेच ठरवणार होते. मी लोटा भरला आणि आत गेले. भांडायची पूर्ण तयारी ठेवून गेले, ते सांगायला मला लाज नाही. पोरांनी पाणी भरलं ते उपासनेत बसत नाही असं ते म्हणतील, मग मी असं म्हणेन, सगळी उत्तरं जुळवून ठेवली होती.

मी लोटा पुढं केला. त्यांनी घेतला नाही.

"पुढच्या वर्षी कोण बोलणार आहे?" त्यांनी विचारलं.

"संघ ठरवीन, सर," मी म्हणाले. "तुमी आमाले देल्ला तं."

त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. आणि मग ते बोलले ते शाळेतल्या भाषेत नव्हतं. तशी त्यांची भाषा मी कधी ऐकली नव्हती.

"देल्ला म्हंजे काय? थो तुमचाच झाला," ते म्हणाले. "मी लय वर्सं बोललो, पोरी. दरसाल बोललो. बोलता बोलता मले थो उद्गार कधी आयकूच नाई आला. आज खाली बसलो, अन् आयकू आला."

 त्यांनी माझ्या हातातून लोटा घेतला, तोंडाला लावला आणि न थांबता रिकामा केला. पाणी त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर सांडलं तरी त्यांनी पाहिलं नाही. मग लोटा परत माझ्याकडं दिला.

"अजून आन," ते म्हणाले.